वेदमूर्ति विष्णुभट गोडसे वरसईकर

यात्रेस गेलेला मनुष्य घरीं काय घेऊन परतला, हें पाहिलें म्हणजे त्याच्या यात्रेचें मोल कळतें, असें आम्हांस वाटतें. कोणी प्रसादाची पुडी आणतो, कोणी गंगाजलाची लोटी आणतो, कोणी नुसता थकवा घेऊन येतो. आमच्या जिल्ह्यांतील एक गरीब भिक्षुक द्रव्य मिळवावें म्हणून उत्तर हिंदुस्थानांत गेला. मिळालेलें द्रव्य वाटेंतच गेलें. तो परत आला तेव्हां त्याच्या खांद्यावर गंगेची कावड होती, आणि मनांत अशी एक हकीकत होती कीं, जिच्यावांचून १८५७ सालचा उत्पात एका मराठी माणसाच्या डोळ्यांनीं पाहण्याची संधि आपणांस लाभली नसती. त्या पुरुषाचें नांव विष्णुभट गोडसे. पेण तालुक्यांतील वरसई हा त्यांचा गांव. रोहें-पेण भागांतील विद्यार्थ्यांस त्यांचें चरित्र ठाऊक असावें, या हेतूनें आम्हीं तें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

आमच्या या मुलखास यात्रेकरूंची ओळख फार जुनी आहे. मांदाडजवळ खाडीकांठच्या डोंगरांत कुड्याचीं बौद्ध लेणीं आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीं खोदण्यास आरंभ झालेल्या त्या २६ लेण्यांत भिक्षूंस निजण्यासाठीं दगडी ओटे आहेत व पिण्याच्या पाण्यासाठीं खडकांत टांकीं खोदलेलीं आहेत. हीं लेणीं कोणाच्या दानांतून झालीं, हें तेथील ब्राह्मी लेखांत नमूद आहे. त्या दात्यांत महाभोज घराण्याशीं संबंध असलेली मंडळी आहेत. तसाच एक वैद्य आहे, एक माळी आहे, व्यापारी आहेत, भिक्षुणीहि आहेत. लेण्यांतील तो भिक्षु आणि वरसईचे भटजी यांचे धर्म निराळे, काळहि निराळे. परंतु पायीं चालणें, दुसऱ्याच्या दानावर निर्वाह करणें आणि सूर्य मावळतांना रात्रीचा निवारा शोधणें, या गोष्टी दोघांसहि सारख्याच होत्या. तीर्थें हिंडणाऱ्या मनुष्याचें जिणें दीर्घकाळ असेंच चालत आलें होतें, हें ध्यानीं ठेवून पुढील हकीकत वाचावी.

विष्णुभटांचा जन्म १८२७ सालीं झाला. बाळगंगेच्या खोऱ्यांतील वरसई हें त्या काळीं भिक्षुकांच्या वस्तीचें गांव होतें. पेशवाई बुडून तेव्हां अवघीं नऊ वर्षें झालीं होतीं. पुण्यास पेशव्यांच्या दरबारीं विद्वान् ब्राह्मणांस मिळणारी दक्षिणा, यज्ञयागांची गजबज व मोठमोठ्या सरदारांचा आश्रय हें सर्व हळूहळू आटत चाललें होतें. याज्ञिकी करून पोट भरणाऱ्या घरांस याची झळ विशेष लागली. गोडशांचें घरहि त्यांपैकींच एक. कुटुंब मोठें, मिळकत थोडी, आणि कार्यांच्या खर्चामुळें डोक्यावर कर्ज झालेलें. विष्णुभट हे घरांतील कर्ते पुत्र. वडिलांच्या हयातींत हें कर्ज फिटावें, ही एकच चिंता त्यांच्या मनास सारखी लागून राहिली होती.

अशा स्थितींत एक वार्ता त्यांच्या कानीं आली. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या विधवा पत्नी बायजाबाईसाहेब मथुरेस सर्वतोमुख नांवाचा मोठा यज्ञ करणार आहेत आणि त्यांत लाखों रुपयांचा दानधर्म होणार आहे, अशी ती वार्ता होती. विष्णुभटांनीं जाण्याचा निश्चय केला. परंतु वडिलांची परवानगी मिळेना. हिंदुस्थान दूरचा मुलूख, तेथील लोक भांग पिणारे, चालीरीति परक्या. तरुण मुलगा तिकडे गेला तर परत येईल कीं नाहीं, ही भीति वृद्ध पित्यास वाटणें स्वाभाविक होतें. अखेरीस विष्णुभटांचे काका रामभट हे बरोबर जाण्यास सिद्ध झाले, तेव्हां कोठें घरच्यांचें मन वळलें. विष्णुभटांनीं मनांत आणखीहि एक हेतु धरिला होता. द्रव्य मिळो न मिळो, काशीयात्रा करावी आणि गंगा आणून मातापितरांस स्नान घालावें, असा तो हेतु होता.

१८५७ सालच्या आरंभीं काकापुतणे निघाले. त्या वेळीं प्रवास म्हणजे काय होता, याची कल्पना आजच्या विद्यार्थ्यांस सहज येणार नाहीं. मुंबईहून निघालेली आगगाडी १८५६ सालीं खोपोलीपर्यंत आली होती खरी, परंतु बोरघाट चढून जाणारा लोहमार्ग १८६३ पर्यंत तयार झाला नव्हता. ग्वाल्हेर, झांशी, काशी हीं गांवें गांठावयाचीं तीं पायींच. वाटेंत सोबत मिळाली तर बरी. नाहींतर चोरांचें भय. मुक्काम देवळांत, धर्मशाळेंत किंवा एखाद्या गृहस्थाच्या ओसरीवर. पत्र घरीं पोंचेल याची शाश्वति नाहीं. आज रोह्याच्या स्थानकावर कोंकण रेल्वेच्या गाडींत बसून दूरदूरच्या तीर्थांस जाणारा यात्रेकरू आपलें तिकीट सांभाळतो. या दोघांस आपला जीव सांभाळावयाचा होता.

सातपुडा ओलांडून ते माळव्यांत उतरले, आणि ज्या संकटाची कोणास कल्पनाहि नव्हती त्याच्या तोंडीं जाऊन पडले. महूच्या वाटेवर त्यांस कांहीं शिपाई भेटले. काडतुसांविषयींचा असंतोष व लवकरच होणारा मोठा उठाव यांची सूचना त्यांस या शिपायांकडूनच मिळाली. पुढें १ जुलै १८५७ रोजीं महूच्या छावणींतील पलटणी उठल्या. मीरतेस मे महिन्यांत पेटलेली आग आतां नर्मदेच्या जवळ आली होती. परत फिरावें, तर मागील वाट सुरक्षित राहिली नव्हती. पुढें जावें, तर पुढें रणकंदन. घरून निघतांना केलेला निश्चय स्मरून त्यांनीं पुढची वाट धरिली. उज्जयिनीस महाकालेश्वराचें दर्शन घेऊन ते ग्वाल्हेरीस गेले. परंतु मथुरेच्या यज्ञाची जी आशा त्यांस घरांतून बाहेर घेऊन आली होती, ती या धामधुमींत मागें पडली.

ग्वाल्हेरीहून ते झांशीस आले. राजे गंगाधरराव १८५३ सालीं निवर्तले. त्यांचा दत्तक पुत्र इंग्रजांनीं मान्य केला नाहीं व १८५४ सालीं संस्थान खालसा केलें. १८५७ च्या उठावानंतर राणी लक्ष्मीबाईंनीं पुनः कारभार हातीं घेतला होता. राणी मराठी, त्यांचे वडील मोरोपंत तांबे मराठी. तेव्हां दक्षिणेंतून आलेल्या ब्राह्मणांस तेथें आश्रय मिळाला यांत नवल नाहीं. विष्णुभटांनीं राणीचें जें वर्णन केलें आहे, तें एखाद्या दरबारी कवीचें नव्हे. त्या सकाळीं व्यायाम करीत, घोड्यावर बसत, शिवपूजा करीत, कधीं पुरुषी पोषाख घालून कचेरींत बसत, घोड्यांची पारख उत्तम करीत, हें सर्व त्यांनीं लिहून ठेविलें. थंडीच्या दिवसांत शहरांतील भिकाऱ्यांची दशा राणीच्या कानीं गेली, तेव्हां त्यांनीं त्या सर्वांस टोप्या, बंड्या व घोंगड्या वाटल्या, ही गोष्टहि त्यांनीं आवर्जून नोंदली आहे. दुसऱ्याच्या दानावर जगणाऱ्या माणसाचें लक्ष अशा गोष्टीवर जावें, हें साहजिकच होय.

मार्च १८५८ च्या उत्तरार्धांत सर ह्यू रोज यांच्या सैन्यानें झांशीस वेढा घातला. तात्या टोपे मोठी फौज घेऊन मदतीस आले. परंतु १ एप्रिल रोजीं बेटवा नदीपाशीं त्यांचा पराभव झाला. ३ एप्रिल रोजीं इंग्रजी सैन्य तटावर चढून शहरांत घुसलें. या साऱ्या काळांत काकापुतणे शहरांतच होते. रात्रीच्या अंधारांत तोफांचे तांबडे गोळे येतांना त्यांनीं पाहिले. शहर पडल्यावर जी कत्तल झाली, ती त्यांनीं लपलेल्या जागेंतून अनुभविली. माणसें घरांत मारलीं गेलीं, कित्येकांनीं विहिरींत उड्या घेतल्या, घरें पेटलीं. कत्तलीमागून लूट आली. संस्थानच्या वाड्यांत मोठ्या कष्टानें जमविलेला संस्कृत ग्रंथांचा संग्रह होता. त्याचा नाश झाला, याबद्दल विष्णुभटांनीं केलेला शोक वाचतांना आम्हांस विशेष वाईट वाटलें. कारण ज्याच्या पदरचे पैसे शिपायांनीं हिसकून नेले, तो मनुष्य पोथ्यांसाठीं हळहळत आहे. कर्ज फेडण्यासाठीं मिळविलेली त्यांची रक्कम याच दिवसांत गेली.

राणी लक्ष्मीबाई रात्रीं शत्रूचा वेढा फोडून बाहेर पडल्या होत्या. विष्णुभट व त्यांचे काका झांशींतून कसेबसे निघाले, आणि पुढें काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशीं त्यांस अकस्मात् राणीचें दर्शन झालें. थोडे स्वार बरोबर, अंगावर पुरुषी वेष, सर्वांगावर धूळ आणि तहानेनें जीव व्याकुळ, अशी त्यांची स्थिति होती. भटजी पाणी काढूं लागले, तेव्हां राणीनें त्यांस थांबविलें; विद्वान् ब्राह्मणानें आपल्यासाठीं श्रम करावे हें त्यांस रुचलें नाहीं. त्यांनीं स्वतः पाणी काढून ओंजळीनें घेतलें, आणि आपणासारख्या विधवेस पोटापुरतें थोडेसें धान्य पुरे असतां केवळ धर्माभिमानानें हें कर्म आरंभिलें व त्यांतहि ईश्वरानें यश दिलें नाहीं, अशा अर्थाचे उद्गार काढून त्या निघून गेल्या. पुढें थोड्याच दिवसांनीं, जून १८५८ मध्यें, ग्वाल्हेरीजवळ लढतां लढतां त्यांचा अंत झाला. इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत लढायांच्या तारखा सांपडतात. परंतु विहिरीच्या कांठावरची ती घटका आपणांस वरसईच्या या भिक्षुकानेंच दिली आहे.

आतां विष्णुभटांपाशीं काय उरलें होतें? पैसा गेला होता. दक्षिणी ब्राह्मण दिसला कीं तो नानासाहेबांचा माणूस असावा, असा संशय इंग्रजी अधिकाऱ्यांस येत असे. त्यामुळें चालण्या-बोलण्यांतहि भय होतें. एखादा दुसरा मनुष्य येथूनच दक्षिणेकडे वळला असता. विष्णुभटांनीं मात्र तीर्थांची वाट सोडली नाहीं. चित्रकूट, ब्रह्मावर्त, अयोध्या, काशी अशीं स्थळें त्यांनीं त्या धुमाळींत केलीं. ब्रह्मावर्त म्हणजे पेशवाई बुडाल्यावर दुसऱ्या बाजीरावानें जेथें आयुष्य काढिलें तें गंगातीरचें क्षेत्र. नानासाहेबांचे तेथील वाडे इंग्रजांनीं जमीनदोस्त केले होते. पेशवाईच्या आश्रयाची आठवण ज्या घरांत जिवंत होती, त्या घरच्या माणसानें गंगेवर स्नान करून त्या ढिगाऱ्यांकडे कोणत्या दृष्टीनें पाहिलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

काशीस पोंचल्यावर त्यांनीं आपला मूळ संकल्प पुरा करण्याची तयारी केली. गंगेची कावड म्हणजे खांद्यावरच्या बांबूस दोन्ही टोंकांस टांगलेलीं, तोंडें बंद केलेलीं गंगाजलाचीं पात्रें. वाटेंत ती पवित्रपणें सांभाळावयाची. खांदा सुजतो, पाय फुटतात, घाट चढतांना पाण्याचा भार दुप्पट वाटूं लागतो. सोन्यानाण्यास चोर असतात. पाण्याच्या पात्रांस तेवढें भय नसतें, परंतु तीं एकदां फुटलीं तर शेंकडों कोसांची चाल फुकट जाते. विष्णुभटांनीं ही कावड काशीहून वरसईपर्यंत आणिली.

सुमारे अडीच-तीन वर्षांनीं ते गांवीं परतले. दरम्यान बंडाच्या भयंकर वार्ता कोंकणांत येऊन पोंचल्या होत्या. घरच्यांनीं हे दिवस कोणत्या काळजींत काढिले असतील, हें सांगावयास नको. बाळगंगेच्या कांठीं जन्मलेल्या पुत्रानें भागीरथीचें पाणी आणून मातापितरांस स्नान घातलें. ज्या कर्जासाठीं तो घराबाहेर पडला होता, त्याच्या फेडीसाठीं आणलेलें धन मात्र वाटेंतच राहिलें होतें. व्यवहाराच्या वहींत पाहिलें तर ही सारी यात्रा तोट्याची. परंतु मुलगा जिवंत परत आला आणि दिलेला शब्द पाळून आला, यापुढें त्या आईबापांनीं ती वही उघडली असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

यानंतरचें विष्णुभटांचें आयुष्य पूर्ववत् भिक्षुकींत गेलें. ते कल्याणच्या वैद्य घराण्याचे उपाध्याय होते. या घराण्यांतील चिंतामण विनायक वैद्य हे पुढें महाभारताचे व मध्ययुगीन भारताचे थोर अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आले. परंतु त्या वेळीं ते बाविशीच्या सुमाराचे तरुण होते. भटजींच्या तोंडच्या गोष्टी ऐकून त्यांनीं हें सर्व लिहून काढण्याचा आग्रह धरिला, आणि १८८३ च्या सुमारास विष्णुभटांनीं आपली हकीकत लिहिली. त्या काळीं बंडाविषयीं असें लिहिणें निर्धोक नव्हतें. म्हणून हें लिखाण कित्येक वर्षें तसेंच पडून राहिलें. अखेरीस १९०७ सालीं, म्हणजे बंडानंतर बरोबर ५० वर्षांनीं, वैद्यांनीं तें ‘माझा प्रवास’ या नांवानें छापिलें. ग्रंथ बाहेर पडला तेव्हां ग्रंथकार हयात नव्हते. वैद्यांनीं भाषेंत व मजकुरांत बराच फेरफार केला होता. मूळ हस्तलिखितावरून यथातथ्य आवृत्ति महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केली. या ग्रंथाचें हिंदी भाषांतर अमृतलाल नागर यांनीं केलें, आणि एकविसाव्या शतकांत इंग्रजींतहि त्याचीं एकाहून अधिक भाषांतरें झालीं आहेत.

या ग्रंथांतील प्रत्येक शब्द इतिहास म्हणून घ्यावा, असें आमचें म्हणणें नाहीं. पंचवीस वर्षांनंतर आठवणीवरून लिहिलेलें असल्यामुळें दिवस-तिथींत कोठें कोठें फरक पडला आहे. जें पाहिलें त्याबरोबर जें ऐकलें तेंहि त्यांनीं लिहिलें. संस्थानिकांस एकत्र बोलावून त्यांच्यापुढें धर्मविरुद्ध कलमें ठेवण्यांत आलीं, अशी उठावाच्या कारणाविषयींची जी हकीकत त्यांनीं दिली आहे, तिला इतिहासांत आधार मिळत नाहीं. आपल्या जातीच्या व काळाच्या समजुतीहि त्यांच्या लिखाणांत जागोजाग दिसतात. पण जेथें त्यांचे स्वतःचे डोळे साक्षीला आहेत, तेथें त्यांचें वर्णन सरळ व सच्चें वाटतें. स्वतःस वीर म्हणवून घेण्याचा प्रयत्न त्यांनीं कोठेंहि केलेला नाहीं. भीति वाटली तेथें भीति वाटली असें लिहिलें, उपाशी राहिले तेथें उपाशी राहिलों असें लिहिलें. शस्त्र हातीं न धरितां, केवळ जीव वांचवीत फिरणाऱ्या सामान्य माणसास युद्ध कसें दिसतें, हें यामुळेंच आपणांस कळतें.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, या चरित्रांत दोन माणसांचें ऋण आपण मानिलें पाहिजे. एक त्या यात्रेकरूचें, ज्यानें सर्वस्व गेलें तरी पाहिलेलें विसरूं दिलें नाहीं. दुसरें त्या तरुणाचें, ज्यानें वृद्ध उपाध्यायाच्या गोष्टी नुसत्या ऐकून सोडून दिल्या नाहींत, तर त्याच्या हातीं लेखणी दिली. ती लेखणी दिली नसती, तर झांशीच्या भिकाऱ्यांच्या घोंगड्या, जळालेल्या पोथ्या व विहिरीवरची राणी हीं सर्व विष्णुभटांबरोबरच नाहींशीं झालीं असतीं. ज्या कावडीनें आईबापांस स्नान घडलें, ती एका दिवसांत रिकामी झाली. ही दुसरी कावड मात्र सव्वाशें वर्षें होऊन गेलीं तरी भरलेलीच आहे.

आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं पंढरीची वारी केलेले आजोबा, काशी-रामेश्वर करून आलेल्या आजीबाई, अथवा सांची-सारनाथचे स्तूप पाहून आलेला कोणी आप्त असेलच. ते कोणत्या वाटेनें गेले, रात्रीं कोठें राहिले, अडचणींत कोण उपयोगी पडलें, कशाची भीति वाटली, हें त्यांस एकदां तरी विचारावें आणि वहींत उतरून ठेवावें. तीर्थांची माहिती पुस्तकांत मिळते. परंतु तीं पाहणाऱ्या आपल्या माणसाची हकीकत त्याच्याच तोंडून मिळते, आणि ती विचारण्यास उशीर करून चालत नाहीं.